बकासुराचं उष्टं

बकासुर हे नाव मी ठेवलेलं नाही. कागदोपत्री त्याचं नाव 'बुरशी-प्रक्रिया कुंड क्रमांक एक' असं होतं आणि ते कुणाच्याच तोंडात बसलं नाही. बीडहून ऊसतोडीला आलेल्या बायकांनी पहिल्याच हंगामात तो खड्डा पाहिला. आत गाडीच्या गाडी पाचट गेलं, फाटकं बारदान गेलं, बाभळीचं एक मोडकं जूही गेलं. काही दिवसांनी वर आलं ते पांढरं, लुसलुशीत, खरवसासारखं. माझी भावजय गवळण काठावर उभी राहून म्हणाली, "अगं बया! ह्यो तर बकासुर हाय. गाडा खातोय, बैलाचं जू खातोय, उद्या गाडीवान बी खाईल!"

सगळ्या खिदळल्या. मीही हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे मोठे साहेबसुद्धा मीटिंगमध्ये "बकासुराचं तापमान किती?" असं विचारायला लागले.

मी द्वारका सानप. ऊसतोड कामगाराची मुलगी, सूक्ष्मजीवशास्त्रातली पीएचडी आणि तोंडाची फटकळ. लग्न केलं ते कृष्णाकाठच्या जगदाळ्यांच्या घरात, धैर्यशीलशी. ज्या साखर कारखान्यासाठी मी बकासुर उभा केला, तो त्याचाच शेती अधिकारी. कारखान्याचं नाव सांगत नाही, कोर्टात सांगून झालंय. आमचं लग्न दोन्हीकडच्यांना पसंत नव्हतं. पसंत होतं ते एकट्या लिंबाला. लिंबा, म्हणजे लिंबाजी, माझा धाकटा भाऊ. मी शिकले आणि तो तोडीला गेला. आमच्या घरात एकालाच शिकवता येणार होतं, आणि तो म्हणाला, "आक्काचं डोकं चालतंय, माझे हात चालत्यात. मिटला विषय."

ती बुरशीसुद्धा लिंबानेच शोधलेली. आमच्या बांधावर बाभळीचं एक जुनं खोड होतं. एका उन्हाळ्यात मी गावी गेले तर हा मला ओढत तिकडे घेऊन गेला. "आक्का, बघ, बाभूळ असून पावासारखी लागतीय," म्हणाला आणि खरोखर वाकून त्या खोडाला चावला. त्या पांढऱ्या लाकडावर त्याच्या दातांची अर्धगोल खूण उमटली. मध्ये एका दाताची जागा रिकामी. तो दात मीच पाडलेला, लहानपणी विटीदांडू खेळताना. विटी नेमकी तोंडावर बसली. त्याने आईला सांगितलं, "दारावर आपटलो." त्या खोडाचा चावलेला तुकडा मी रुमालात बांधून प्रयोगशाळेत नेला.

आता थोडं विज्ञान सांगते, कंटाळू नका, पुढे लागणार आहे. वनस्पतीच्या पेशीची भिंत म्हणजे घराचा स्लॅब समजा. त्यातलं सेल्युलोज म्हणजे सळई आणि लिग्निन म्हणजे सिमेंट. गाईच्या पोटातले जंतू सळई खातात, पण सिमेंट फुटलं नाही तर सळईपर्यंत पोचणार कसे? म्हणून नुसतं वाळकं पाचट गाईपुढे टाकलं तर ती तोंड फिरवते. हे सिमेंट नीट फोडणारं जगात जवळजवळ एकच आहे, लाकूड पांढरं करून कुजवणारी बुरशी. एरवी तिला महिने लागतात. लिंबाच्या खोडावरची बुरशी तेच काम आठवड्याभरात उरकत होती.

तिच्या दोन खोडी होत्या. पहिली, ती उपाशी असली तरच काम करायची. उपाशी म्हणजे नत्राला उपाशी. युरिया, शेण, असलं काही मिळालं की बाईसाहेब आळसावल्या, लिग्निनला शिवायच्या नाहीत. दुसरी खोड, आपल्या ताटात दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही. सडवणाऱ्या जंतूंना मारणारं रसायन ती स्वतःच सोडायची. त्यामुळे एवढा मोठा कुजण्याचा खड्डा, पण त्याला कधी घाण वास आला नाही. खालून पंख्यांनी सतत गाळलेली हवा सोडलेली, वर रबरी ताडपत्री आणि आत पांढरी शांतता.

तो पांढरा लगदा, आमच्या बोलण्यातला खरवस, आधी चारा म्हणून डेअऱ्यांनी उचलला. मग विमानाचं इंधन करणाऱ्यांनी उचलला. बघता बघता साखर राहिली बाजूला आणि कचऱ्याला सोन्याचा भाव आला. तिथेच घात झाला.

कारण तो कचरा कुणाचा तरी होता. उसाचा शेंडा, ज्याला वाढं म्हणतात, तो तोडणाऱ्याचा. हे कुठे लिहिलेलं नाही, पण आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. तोड झाली की वाढ्याच्या मोळ्या बांधायच्या, आधी आपल्या बैलांना घालायच्या, उरतील त्या गावात द्यायच्या आणि त्यावर मीठ-मिरची, दूध-चहा भागवायचा. त्या हंगामात कारखान्याने फर्मान काढलं, उसाच्या फडातलं एक पातंही बाहेर जाणार नाही. वर ड्रोन फिरायला लागले, फडाच्या तोंडावर पहारेकरी उभे राहिले. आणि ते फर्मान राबवायची जबाबदारी माझ्या नवऱ्याकडे आली.

पहिली ठिणगी माझ्यासमोरच पडली. मी पाचटाचे नमुने घ्यायला फडात गेले होते. लिंबा मोळी खांद्यावर घेऊन उभा आणि धैर्यशील जीपला टेकून.

"दाजी, ऊस तुमचा, साखर तुमची. पाचट बी घ्या, जाऊ द्या. पण वाढं आमचं हाय."

"लिंबाजी, नियम बदललाय. मी एकट्यानं केलाय का नियम?"

"मग बैलाला सांगा. बैलाला नियम समजला की म्या बी ऐकतो."

फडातले सगळे फिदीफिदी हसले. धैर्यशीलचे कान लाल झाले. त्याला हसलेलं चालत नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याने पहारेकऱ्यांकडे नुसतं पाहिलं. दोघे पुढे आले, लिंबाच्या पोटरीवर काठी बसली, मोळी पडली आणि मी मध्ये घुसले म्हणून दुसरा फटका माझ्या पाठीत बसता बसता राहिला.

त्या दिवशी घरी मी भांडले. "माझ्या भावावर काठी उचललीस? लाज नाही वाटली?" तो म्हणाला, "तुझ्याच बुरशीसाठी उचलली. ती उपाशी राहिली तर तुझी प्रयोगशाळा चालेल का?" खरं सांगायचं तर त्यात थोडं तथ्य होतं आणि त्याचाच जास्त राग आला.

पुढे रोजचंच झालं. बैलांच्या बरगड्या दिसायला लागल्या. लिंबाच्या जोडीतला सर्जा चालता चालता बसला तो उठलाच नाही. एका संध्याकाळी ओढ्याकडच्या फडात तोडवाल्यांनी पहारेकऱ्यांना घेरलं. दगड, काठ्या, शेवटी कोयते निघाले. एका पहारेकऱ्याचा हात मनगटापासून तुटला आणि दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला. तोडवाल्यांपैकी दोघांची डोकी फुटली. त्याच संध्याकाळी लिंबा नाहीसा झाला.

धैर्यशील अंधार पडता पडता घरी आला. डाव्या हाताला, कोपराखाली रुमाल बांधलेला, रक्ताने चिकट झालेला.

"काय झालं?"

"कुत्र्यानं धरलं. त्या गोंधळात कुठून आलं कुणास ठाऊक."

"इंजेक्शन घे आधी."

"घेतो की उद्या. तू चिडू नकोस आता." मग खुर्चीत बसून म्हणाला, "द्वारका, वाईट बातमी आहे. त्या माणसाचा हात लिंबाजीनं तोडला म्हणतात. पळून गेलाय तो."

मी त्याची जखम डेटॉलने धुतली. सुजलेल्या, काळ्यानिळ्या झालेल्या दोन कमानी होत्या. दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडणारी मी, पण नवऱ्याच्या हाताकडे नीट पाहिलं नाही. माझं सगळं लक्ष त्या एका वाक्यात अडकलं होतं, पळून गेलाय. पळाला म्हणजे जिवंत आहे. लोक त्याला खुनी म्हणत होते, पोलीस फरार म्हणत होते आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, काय वाटेल ते म्हणा, पण फरारच म्हणा.

गवळणला ते पटलं नाही. कोपीपुढे, म्हणजे पाचटाने शाकारलेल्या त्या झोपडीपुढे, ती रोज त्याची भाकरी वेगळी काढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी राहिलेल्या बैलाला घालायची. "वन्सं, तुमच्या भावानं कोंबडी कापायला बी कधी सुरी धरली न्हाई. माणसाचा हात तोडंल व्हय त्यो? आन् पळाला आसंल तर मला सांगून पळंल. मला सांगितल्याबिगर त्यो चहा बी पीत न्हाई."

"फरार माणूस सांगून जात नाही, गवळण."

"मग फरार न्हाई त्यो," ती म्हणाली. मला तिचा इतका संताप आला की मी तिथून निघून आले. तो फरार नसला तर मग काय, हे ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही.

बकासुर शेवटपर्यंत बंद ठेवायचा होता. बाकी खड्डे उघडत-भरत राहायचे, पण क्रमांक एकमध्ये मूळ विरजण होतं. दुधाला विरजण लावतो तसंच हे, त्यातूनच पुढच्या हंगामातल्या सगळ्या खड्ड्यांना लावायचं. ओढ्याकडच्या मारामारीच्या संध्याकाळीच तो भरून सीलबंद केला होता. मध्येच उघडला तर बाहेरची हिरवी बुरशी शिरते आणि विरजण मरतं. माझी सात-आठ वर्षांची मेहनत त्या एका खड्ड्यात होती.

मग दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी प्रयोगशाळेत, खड्ड्यांतल्या संवेदकांचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यावर मला एक विचित्र गोष्ट दिसली. बकासुराच्या ईशान्य कोपऱ्यात, अगदी तळाशी, एक डाग थंड पडला होता. बुरशी काम करते तेव्हा उष्णता सोडते, थंड म्हणजे तिथे तिने काम थांबवलं होतं. संवेदकाचा आकडा पाहिला तर तिथे नत्र वाढलेलं. कुठून आलं? बाईसाहेबांना कुणी जेवू घातलं?

दुपारी जेवताना मी धैर्यशीलला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"नत्र म्हणजे?"

"म्हणजे युरिया पडला असेल. किंवा एखादं मेलेलं जनावर. नीट कळत नाही."

"युरियाच," तो लगेच म्हणाला. "तोडवाल्यांनी टाकला. घातपात आहे हा."

"अरे, पण..."

तो उठून गेला. मला वाटलं चौकशी करायला गेला. चौकशी कसली! तासाभरात पहारेकऱ्यांचे दोन ट्रक कोप्यांवर गेले. कोप्यांचं पाचटही कारखान्याचंच आहे, असं म्हणत त्यांनी झोपड्या ओरबाडल्या. चुलीवरची भांडी लाथाडली, बायकांना केसांना धरून बाहेर काढलं. मी पोचले तेव्हा गवळण जमिनीवर बसली होती, उजवा हात कोपरातून भलतीकडेच वळलेला. ती रडत नव्हती. मुकादम गहिनीनाथतात्या, ज्यांनी मला लहानपणी खांद्यावर घेऊन गडाची जत्रा दाखवली, ते माझ्या पायाजवळ थुंकले.

"द्वारके, तुझ्या मशिनीनं चुगली केली आन् आमच्या लेकीबाळींचे हात मोडले. शाब्बास गं पोरी. लई शिकलीस."

मी तिथेच उन्हात उभी राहिले आणि पहिल्यांदा नीट विचार केला. युरिया वरून टाकला असता तर वरच्या थरात असता. हा डाग तळाला होता, पाचटाच्या सगळ्या थरांखाली. म्हणजे जे पडलं ते खड्डा भरण्याआधी पडलं. खड्डा भरला मारामारीच्या संध्याकाळी. युरियाचा डाग पाण्याबरोबर पसरत जातो, हा एका जागी होता, साधारण माणसाएवढा लांब.

फरार, फरार, फरार, मी स्वतःला समजावत होते आणि माझंच शास्त्र मला सांगत होतं की रक्तात नत्र भरपूर असतं.

"तात्या," मी म्हणाले, "उद्या दुपारी सगळ्यांना घेऊन बकासुरावर या. मी तो उघडणार आहे."

मी मुद्दाम सगळ्यांदेखत सांगितलं. एकटीने उघडला असता तर कारखान्याने दुपारभरात पुन्हा मिटवला असता.

बातमी माझ्याआधीच घरी, धैर्यशीलपर्यंत पोचली होती. तो आधी गोड बोलला. "द्वारका, विरजण मरेल. तुझं आयुष्य आहे त्यात." मग म्हणाला, "आणि लोकांना कळलं की खड्ड्यात काही सडकं निघालं, तर खरवस कोण घेईल? शेकडो लोकांच्या पोटावर पाय येईल." मग आवाज चढला. "कोण तुम्ही? कोयतेवाले! जगदाळ्यांनी घरात घेतलं हीच चूक झाली." मी दार लावून घेतलं. त्याला इतकी भीती कसली वाटते, हा प्रश्न मला पडला आणि मी तो तसाच गिळला. खड्डा उघडेपर्यंत माझा भाऊ फरारच राहणार होता.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर असताना काठावर गर्दी जमली. एका बाजूला तोडवाले, बायका-पुरुष, कमरेला कोयते. दुसऱ्या बाजूला काठ्या घेतलेले पहारेकरी. क्रेनवर बशीरभाई, मितभाषी माणूस, तीस वर्षं क्रेनवर काढलेला. मी ताडपत्री सोडवली. कधी नाही ते आत बाहेरची हवा शिरली. विरजण गेलं, हे मला तेव्हाच कळलं. वाईट वाटायला वेळ नव्हता.

"बशीरभाई, ईशान्य कोपरा. हळू."

धैर्यशील गर्दी चिरत आला, क्रेनच्या शिडीवर चढला आणि बशीरभाईंच्या कानशिलात लगावली. "उतर खाली!" मी त्याचा पाय धरून ओढला. तो वळला आणि मुठीने माझ्या तोंडावर मारलं. लग्नानंतर पहिल्यांदा. ओठ फाटला, तोंडात रक्ताची खारट चव आली. मी पाय सोडला नाही. दोघंही शिडीवरून खाली आदळलो. पहारेकरी पुढे सरसावले तसे तोडवाल्यांचे कोयते बाहेर आले. कुणीतरी किंचाळलं, एकाचा कान फाटला, काठ्या कडाकड मोडल्या. त्या गदारोळात बशीरभाईंनी गाल पुसला आणि क्रेनचा पंजा खाली सोडला.

पंजा वर आला तेव्हा सगळे आपोआप थांबले. पाचटाचा पांढरा लगदा गळत होता आणि त्यात, जाड्या पांढऱ्या घोंगडीत गुंडाळल्यासारखा, एक माणूस होता.

बशीरभाईंनी त्याला काठावर अलगद ठेवलं. मी गुडघ्यांवर बसले आणि हातांनी ती पांढरी बुरशी सोलायला लागले. नत्र झिरपून आळसावण्याआधीच बुरशीने त्याचा सुती सदरा खाल्ला होता, धोतर खाल्लं होतं, कोयत्याची लाकडी मूठ खाल्ली होती. नुसतं पातं कमरेशी अडकलेलं. माणसाला ती शिवली नव्हती. सडवणाऱ्या जंतूंनाही तिने शिवू दिलं नव्हतं आणि खालच्या वाऱ्याने तो वाळला होता. कातडं काळं, कडक, पण चेहरा चेहराच होता. कवटी मागून फुटलेली. कमरेला नायलॉनचा काळा करदोडा, मीच गडाच्या जत्रेतून आणलेला. सुताचा सारखा तुटतो म्हणून.

ओठ आकसून दात उघडे पडले होते. वरचा एक दात नव्हता.

"लिंबा," मी म्हणाले. "ए लिंबा. ऊठ ना रे." खुळ्यासारखी मी त्याचे गाल चोळत राहिले. गवळणने असा टाहो फोडला की पलीकडच्या फडातले बगळे उडाले.

आणि मागून धैर्यशीलचा आवाज आला. हळू, नवल वाटल्यासारखा.

"पण तो तर सगळं खातो..."

मी वळून पाहिलं. तो माझ्याशी बोलत नव्हता, खड्ड्याशी बोलत होता. झटापटीत त्याची बाही फाटली होती. डाव्या हातावर, कोपराखाली, भरलेल्या जखमेच्या दोन कमानी होत्या. वरच्या कमानीत एका दाताची जागा रिकामी. तीच खूण मी बाभळीच्या खोडावर पाहिली होती, रुमालात बांधून शहरात नेली होती, तिच्यावर पीएचडी केली होती.

पुढचं कोर्टात बाहेर आलं. मारामारी चालली होती तेव्हा लिंबा तिथे नव्हताच. उरलेल्या बैलासाठी तो खड्ड्याजवळच्या ढिगातून वाढ्याची एक मोळी परत घ्यायला आला होता. धैर्यशील पहारेकऱ्याचा तुटलेला हात पाहून तिथे आला होता, एकटाच, हातात पहार. शब्दाला शब्द वाढला. लिंबा म्हणे हसला, आणि झटापटीत त्याने धैर्यशीलच्या हाताचा चावा घेतला. आणि मारून झाल्यावर माझ्या नवऱ्याने त्याला खड्ड्यात ढकलून पाचटाचा पट्टा चालू केला. बायका गमतीने जे नाव घेत होत्या, त्यावर या शिकलेल्या माणसाने भरवसा ठेवला. मला एकदा विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, बकासुर माणूस खात नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी गर्दी त्याच्यावर तुटून पडली होती. पहारेकरी काठ्या टाकून पळाले. लाथा, दगड, कोयत्याच्या पाठी. त्याला फरफटत काठावर आणलं. "टाका आत! खाऊ दे बकासुराला!" तात्या ओरडत होते. उघडण्याआधी पंखे बंद केले होते, तळाशी कर्बवायू साचला होता, आत पडला असता तर दोन-चार श्वासांत संपला असता. गवळण डाव्या हातात कोयता उगारून त्याच्यावर धावली.

मी त्याच्या अंगावर आडवी पडले.

कोयता माझ्या खांद्यात बसला. आग उसळली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण मी उठले नाही.

"वन्सं, सरका!" गवळण किंचाळली. "भाऊ मारला तुमचा! आन् तुमाला नवरा पाहिजे?"

खाली धैर्यशील रडत होता. माझ्या कानाशी त्याचं रक्ताळलेलं तोंड. "द्वारका... मला माहीत होतं... तू मला..."

"गप," मी म्हणाले. "हलू नकोस. तुला वाचवत नाहीये मी. तो हात माझ्या भावाचा आहे. त्यावर त्याने सही केलीय. तो हात मला धडधाकट, जिवंत पाहिजे, न्यायाधीशांच्या टेबलावर ठेवायला." मग मान वर करून मी तात्यांना तो हात दाखवला. "तात्या, बघा. हे लिंबाचे दात. ह्याला आत टाकलात तर लिंबा जन्मभर खुनी आणि फरार राहील. चालेल तुम्हाला?"

तात्या वाकले. मग त्यांनी गवळणच्या हातातून कोयता काढून घेतला आणि खाली बसून धाय मोकलून रडले.

पोलीस येईपर्यंत मी त्याचा तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. आमच्या लग्नातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता.

संध्याकाळपर्यंत बकासुरावर हिरवी बुरशी चढली आणि पहिल्यांदाच खड्ड्याला वास यायला लागला. माणूस निघालेल्या खड्ड्यातला खरवस कुणी घेतला नाही, डेअऱ्यांनी नाही आणि विमानवाल्यांनीही नाही. वाढं पुन्हा कचरा झालं, म्हणजे पुन्हा तोडणाऱ्यांचं झालं.

पोलिसांचं काम उरकल्यावर लिंबाला बैलगाडीत घातलं. खाली वाढ्याची जाड गादी केली. कारखान्याच्या फाटकातून गाडी गेली तेव्हा एकाही पहारेकऱ्याने मोळ्या मोजल्या नाहीत. ओढ्याकाठी सरण रचलं. आमच्यात चितेवर ठेवण्याआधी करदोडा तोडतात. गवळणचा हात गळ्यात बांधलेला, तात्यांनी लिंबाचा कोयता माझ्यापुढे धरला. माझ्या खांद्याला टाके होते, पण बोटं चालत होती. मूठ नसलेलं ते पातं मी फडक्यात धरलं.

नायलॉन चिवट असतो, पटकन तुटत नाही. दोन-तीनदा घासावं लागलं. मग तुटला.

"फरार नव्हता गं तो," मी गवळणला म्हणाले.

"म्या सांगितलं व्हतं," ती म्हणाली आणि तिने डाव्या हातातल्या बांगड्या दगडावर आपटल्या.